गोळी सुटण्याआधीचा दचका

पोरी,

परवा नेमबाजीच्या रेंजवरून येताना तू गप्प होतीस. सहापैकी चार गोळ्या खाली डावीकडे, अंगठ्याच्या बेचक्यात लाल वळ, आणि रात्री मेसेज: ‘सर, हे निर्भीक रिव्हॉल्व्हर विकून जड घेऊ का?’

नको. आधी रिकामं चालव, म्हणजे गोळ्या न भरता नुसता ट्रिगर ओढायचा सराव कर.

निर्भीक ५०० ग्रॅमचं, टायटॅनियम मिश्रधातूचं. काडतूस मात्र तेच .३२ बोअरचं. वजन उतरलं की तोच धक्का जास्त वेगानं हातात येतो, हे मान्य. पण तो तुला जाणवेपर्यंत गोळी नळीबाहेर गेलेली असते. तुझा नेम धक्क्यानं नाही बिघडला. धक्का येणार म्हणून मनगट आधीच खाली गेलं, त्यानं बिघडला.

पटत नसेल तर पुढच्या वेळी मी तीन गोळ्या आणि तीन रिकामी काडतुसं मिसळून भरून देईन. हॅमर, म्हणजे काडतुसावर आपटणारा घोडा, रिकाम्यावर पडेल तेव्हा नळीचं तोंड कसं बुडतं, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघ.

पकड वर घे. बेचकं शस्त्राच्या मुठीच्या अगदी माथ्याशी हवं. खाली धरलंस तर नळी उसळणारच. डावा अंगठा काडतुसांच्या फिरत्या सिलिंडरच्या पुढे नेऊ नकोस, तिथल्या फटीतून गरम वायू सुटतो. आखूड शस्त्रात दोन साइटांमधलं, म्हणजे नेम धरायच्या पुढच्या-मागच्या खुणांमधलं, अंतर दहा सेंटिमीटर धरलं, तर त्यांची रेषा एक मिलिमीटर हलली की दहा मीटरवर गोळी दहा सेंटिमीटर सरकते. डबल ॲक्शनचा ट्रिगर, म्हणजे एकाच ओढीत हॅमर मागे नेऊन सोडणारा, शस्त्राच्या वजनाच्या कितीतरी पट दाब मागतो. तो दाब एकसारखा द्यायला बोट शिकतं ते रिकाम्या शस्त्रावरच. रोज दहा मिनिटं. सिलिंडर उघडून दोनदा बघायचं, काडतुसं दुसऱ्या खोलीत, समोर भक्कम भिंत, सिलिंडरच्या घरांत स्नॅप कॅप, म्हणजे सरावाची नकली काडतुसं. आवाज होईपर्यंत पुढची साइट हलता कामा नये. हललं की पुन्हा.

मी पंचविशीत पहिल्याच दिवशी पन्नास गोळ्या उडवल्या होत्या, चारचौघांत मिरवायला. तो दचका अंगातून काढायला मला चार वर्षं लागली. एका मुलीला तर मीच घाईनं गोळ्या दिल्या. तिनं पुन्हा शस्त्र हातात घेतलं नाही. म्हणून एरवी महिनाभर कुणाला गोळी देत नाही. लोक म्हणतात, मास्तर फार ताणतो. म्हणू देत. मी चुकलो तो घाई केली तेव्हा, ताणलं तेव्हा नाही.

तुला मात्र पुन्हा घाईनं गोळ्या दिल्या, ती चूकही माझीच. वळ उतरेपर्यंत रेंजवर येऊ नकोस. रिकामं चालव, आणि रविवारी फोन कर.

तुझा,
सर