मुक्ता म्हणजे मोती की मोकळी?

प्रश्न: मुलीचं बारसं पुढच्या रविवारी आहे. आम्हा दोघांना रत्नावरून नाव हवं होतं, म्हणून 'मुक्ता' ठरवलं, कारण मुक्ता म्हणजे मोती. पण सासूबाई म्हणतात, त्याचा अर्थ संसारातून सुटलेली. शिवाय मुक्ताबाई इतक्या लहान वयात गेल्या, म्हणून त्यांना ते नको वाटतं. खरा अर्थ कोणता? आणि हे नाव आता जुनं वाटतं का?

उत्तर: माझं नाव मुक्ता. बावन्न वर्षं ते वागवते आहे, म्हणून तुमचा प्रश्न वाचून लगेच लिहायला बसले.

तुम्ही सांगता तो अर्थ बरोबर आहे आणि सासूबाई सांगतात तोही. संस्कृतात 'मुच्' हा धातू आहे, सोडणं, सुटणं या अर्थाचा. त्यापासून 'मुक्त' झालं. शिंपल्यातून सुटून बाहेर आली ती मुक्ता, म्हणजे मोती. मुक्तापासून मौक्तिक, मौक्तिकापासून प्राकृतात मोत्तिअ आणि पुढे आपला 'मोती'. म्हणजे मोती हा शब्दसुद्धा मुक्ताचंच झिजलेलं रूप आहे. बंगालीत आजही रोजच्या बोलण्यात मोत्याला मुक्ता म्हणतात. आपल्याकडे मात्र मुक्ताई घराघरांत असल्यामुळे मराठी कानाला आधी 'मोकळी' हा अर्थ ऐकू येतो आणि मोती मागून येतो.

माझं नाव आजीने ठेवलं, तिच्या नथीवरून. त्या नथीत बसऱ्याचे सात मोती होते. इराणच्या आखातातून हे मोती मुंबईच्या बाजारात यायचे, तिथून पुण्या-नाशिकच्या सराफांकडे. जवळून पाहिलं तर त्यातला एकही अगदी गोल नव्हता. एक पिवळसर, एकाला टाचणीच्या टोकाएवढी खळगी. आजी एखादा मोती समोरच्या दातांवर हलकेच घासून दाखवायची. खरा मोती किंचित खरखरतो, काचेचा गुळगुळीत सरकतो. नथ काढली की ती मऊ मलमलीने पुसूनच डबीत ठेवायची, कारण घाम आणि अत्तर लागलं की मोत्याचं पाणी जातं. पाणी म्हणजे त्याची झळाळी. 'पाणीदार मोती' हा शब्द मी पहिल्यांदा तिच्याच तोंडून ऐकला.

रत्नांमध्ये मोती मला वेगळा वाटतो तो याचसाठी. हिरा, माणिक, पाचू खाणीतून निघतात आणि पैलू पाडल्याशिवाय त्यांचं तेज खुलत नाही. मोती जिवंत प्राण्याच्या पोटात तयार होतो. शिंपल्यात काही खुपणारं शिरलं की तो प्राणी त्यावर पातळ थरांमागून थर चढवत राहतो. ते द्रव्य खडूच्याच जातीचं, कॅल्शियम कार्बोनेट, पण थर इतके बारीक की प्रकाश त्यात खेळतो. स्वाती नक्षत्राचा थेंब शिंपल्यात पडला की मोती होतो, ही जुनी समजूतही सुंदर आहे. लेकीला दोन्ही सांगा. 1893 मध्ये जपानमध्ये मिकिमोतोंनी शिंपल्यात मुद्दाम मोती वाढवून दाखवला. पुढे असे मोती बाजारात भरले आणि आखातातला मोत्यांचा धंदा बसला. खरा बसरा मोती आता बहुतेक जुन्या दागिन्यांतच पाहायला मिळतो.

आता सासूबाईंची काळजी. तिला हसून उडवून लावू नका. मुक्ताबाईंचा जन्म 1279 चा मानतात आणि 1297 मध्ये तापीकाठी त्या गुप्त झाल्या, म्हणजे उणंपुरं अठरा वर्षांचं आयुष्य. सासूबाईंच्या मनात हे येणारच. पण त्या अठरा वर्षांत काय काय आहे, तेही त्यांच्याशी बोला. लोकांच्या बोलण्याने दुखावून ज्ञानदेव झोपडीची ताटी लावून बसले, तेव्हा त्यांची समजूत काढली ती या धाकट्या बहिणीने. जग रागाने विस्तव झालं तरी संताने पाणी व्हावं, असं ती मोठ्या भावाला सांगते. चांगदेवांसारख्या ज्येष्ठ योग्याने तिला गुरू केलं. जळगाव जिल्ह्यातल्या एदलाबादचं नाव बदलून मुक्ताईनगर झालं ते तिच्याच नावावरून. तिथून निघणारी मुक्ताईची पालखी पंढरपूरला पोहोचायला महिन्याहून जास्त चालते. इतक्या लोकांच्या तोंडी सातशे वर्षं राहिलेल्या नावाला मी अशुभ म्हणणार नाही. आणि ती विरक्त होती म्हणावं, तर भावाच्या दाराशी बसून तासन् तास त्याला समजावणारी बहीण मला तरी नात्यांत पुरती गुंतलेली दिसते.

आणखी एक मुक्ता आहे, तिचं नाव मला सासूबाईंइतकंच तुम्हालाही सांगायचं आहे. मुक्ता साळवे, पुण्यात फुल्यांच्या शाळेतली चौदा वर्षांची विद्यार्थिनी. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिने लिहिलेला निबंध 1855 मध्ये 'ज्ञानोदय'त छापून आला. त्या वयात, त्या काळात, धर्माच्या नावाने चाललेल्या जुलमाला तिने थेट जाब विचारला. मी चौथीच्या वर्गाला शिकवते. दरवर्षी तिची गोष्ट सांगते, तेव्हा मुली एकदम शांत होतात.

नाव जुनं वाटतं का? आपल्याकडे नावांची सरकारी क्रमवारी निघत नाही, म्हणून मी माझ्या हजेरीपटावरून सांगते. सत्तावीस वर्षांत माझ्या वर्गात चार मुक्ता आल्या, कधी दोन एकदम नाहीत. त्याच काळात एकेका वर्गात तीन तीन श्रेया आणि चार चार अनन्या बसल्या. मुक्ताची लाट कधी आली नाही, त्यामुळे ती ओसरलीही नाही. मुक्ता बर्वे नाटकांत आणि मालिकांत दिसू लागल्यापासून तरुण आईबापांना ते आजीच्या काळातलं वाटत नाही, हे मी पालकसभेत पाहिलं आहे. उलट 'मोती' कुणी ठेवत नाही. मोतीराम मागे पडले आणि मोत्या अंगणातल्या कुत्र्याकडे गेला. रत्नाचं नाव मुलीला द्यायचं तर मुक्ता, मौक्तिका नाहीतर माणिक. आणि हो, मार्गारेटचा मूळ ग्रीक अर्थही मोतीच, म्हणजे गोव्यातली एखादी मार्गारिदा तुमच्या लेकीची नावबहीणच.

दोन अडचणी आधीच सांगते. शाळेत कुणीतरी 'मुक्ताफळं उधळू नकोस' म्हणणार. मला म्हणाले तेव्हा मी रडत घरी आले होते. आजीने सांगितलं, मुक्ताफळ म्हणजे मोतीच, चिडवणाऱ्याला ते ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी मी वर्गात तेच सांगितलं. दुसरी अडचण परदेशातली. माझी भाची तिकडे राहते, ती सांगते की रोमन लिपीत लिहिलेलं माझं नाव तिथले लोक हमखास 'मक्टा' वाचतात. एकदा म्हणून दाखवलं की मात्र विसरत नाहीत.

पत्रिकेचं विचारलं नाहीत, तरी सासूबाईंसाठी लिहिते: 'मू' हे मघा नक्षत्राच्या तिसऱ्या चरणाचं अक्षर, रास सिंह. लेकीचं नक्षत्र दुसरं असेल तर पाळण्यातलं नाव वेगळं ठेवा आणि हाक मारायला मुक्ता. माझं तसंच आहे. पाळण्यातलं नाव आत्याने कानात सांगितलं, पण मुक्ता ही हाक पहिल्यांदा आजीने मारली, नथ घालून.