राख आणि राडारोडा घातला तर काँक्रीट कमजोर होतं का?

राख, पाडलेल्या बांधकामाचा राडारोडा, फुटकी काच असलं काही घातलं तर काँक्रीटची ताकद जाते का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते आधी हे बघा, की तो माल सिमेंटच्या जागी जाणार आहे की खडी-वाळूच्या.

थोड्या सिमेंटच्या जागी फ्लाय ॲश, म्हणजे कोळशाच्या वीजकेंद्राच्या धुरातून पकडलेली राख, उत्तम. सिमेंटमध्ये पाणी पडलं की ताकद देणाऱ्या संयुगाबरोबर चुनाही तयार होतो आणि तो नुसताच पडून राहतो. राखेतली सिलिका या चुन्याला धरते आणि त्यापासून आणखी बंध तयार करते. छिद्रं बारीक होतात, त्यामुळे पाणी आणि क्षार सळईपर्यंत सहजी पोचत नाहीत. अमेरिकेत 1953 साली पूर्ण झालेल्या हंग्री हॉर्स धरणात ही राख वापरली होती, तेव्हा याला नवा प्रयोग म्हणता येणार नाही. फक्त ही क्रिया संथ चालते. म्हणून पाणी मारणं लवकर थांबवू नका, सेंट्रिंग (काँक्रीटला आधार देणारा साचा) काढायची घाई तर मुळीच नको. राखेला दोष देतात तिथे बऱ्याचदा क्युरिंगच (पाणी मारून ओलं ठेवणं) अपुरं झालेलं असतं, याचं मला खरंच वाईट वाटतं. आणि लाकडाची राख फ्लाय ॲशच्या जागी चालत नाही.

राडारोड्याचं गणित वेगळं. जुनं काँक्रीट फोडून केलेल्या खडीला जुना मसाला चिकटलेला असतो आणि तो पाणी पितो. खडी आधी भिजवली नाही तर ती मिश्रणातलं पाणी ओढते, माल घट्ट होतो, मग कामगार वरून पाणी ओततात आणि ताकद तिथेच जाते. त्याहून मोठा धोका पीओपीच्या (प्लास्टर ऑफ पॅरिसच्या) तुकड्यांचा. त्यातल्या सल्फेटमुळे काँक्रीट आतून फुगून तडकतं, म्हणून राडारोड्यातून असे तुकडे आधी वेचून काढण्यावर मी जोर देतो. पायाखालच्या पीसीसीला (सळई नसलेल्या साध्या काँक्रीटला) अशी खडी छान चालते. कॉलम-बीमला मात्र अभियंत्याने प्रमाण ठरवून दिल्याशिवाय घालू नका.

काचेचे जाड तुकडे नकोत, सिमेंटमधल्या अल्कलीशी त्यांची अभिक्रिया होऊन तडे जातात. तीच काच पिठासारखी दळली तर राखेसारखं काम करते. प्लास्टिकला सिमेंट नीट धरत नाही.

तुम्ही राख वापरणार असाल तर क्यूब (ताकद तपासायचे काँक्रीटचे ठोकळे) जास्त भरून ठेवा आणि 28 दिवसांबरोबर 56 दिवसांनीही तपासून घ्या.