सिनेमावरचा सुपरहिरो गेम घेण्याआधी एवढं बघ

नुसता समीक्षकांनी दिलेला स्कोअर बघून गेम घेऊ नकोस. तो स्कोअर कुठल्या मशीनवरचा आहे, ते आधी बघ. २००४ चा 'स्पायडर-मॅन २' घे. प्लेस्टेशन २ वर समीक्षकांनी तो डोक्यावर घेतला, कारण जाळं हवेत नाही, खऱ्या इमारतीलाच चिकटायचं. आजूबाजूला उंच इमारत नसेल तर झोकाच नाही! (पिझ्झा पोचवायच्या मोहिमा मात्र डोकं उठवतात.) त्याच नावाचा पीसीवरचा गेम वेगळाच, लहान मुलांसाठी सोपा केलेला. तो चुकूनही घेऊ नकोस.

सिनेमा पडला म्हणून गेमही टाकाऊ, असंही नाही. २००९ चा वुल्व्हरिन या सुपरहिरोचा सिनेमा टीकाकारांनी झोडपला, पण रेव्हन सॉफ्टवेअर कंपनीने त्यावर बनवलेल्या गेमचं कौतुक झालं. मार खाल्ला की छातीचं मांस फाटून आतल्या धातूच्या बरगड्या दिसतात आणि डोळ्यांदेखत जखम भरून येते. इथेही वी (निन्टेन्डो कंपनीचं गेम मशीन) आणि प्लेस्टेशन २ ची आवृत्ती निराळी आणि फिकी.

उलट 'आयर्न मॅन'चा २००८ चा सिनेमा गाजला, गेम साफ आपटला. प्रदर्शनाची तारीख गाठायची घाई असली की बहुधा असंच होतं.

सुरुवात वुल्व्हरिनपासून कर. रक्तपात भरपूर आहे, घरातल्या पोरांसमोर लावू नकोस.