फॉर्मवर न लिहिलेली ओळ

"ताई, मी ३४ वर्षांची. लग्नाला पाच वर्षं झाली, डोंबिवलीत सासूबाईंसोबत राहतो. माझी सोनोग्राफी नॉर्मल, ट्यूब उघड्या, एएमएच (स्त्रीबीजांचा साठा सांगणारी रक्ततपासणी) १.८. यांचा दोन वर्षांपूर्वीचा रिपोर्ट शुक्राणूंचा काउंट जरा कमी दाखवतो. आता आयव्हीएफ ठरलं आहे. त्याआधी करायच्या जादा तपासण्यांची यादी सेंटरने दिली: हिस्टेरोस्कोपी, ईआरए, एनके सेल, दोघांचं कॅरिओटाइप, शुक्राणूंची डीएनए तपासणी. खर्च लाखाच्या घरात. हे म्हणतात, एवढं कशाला? सासूबाई पाटल्या मोडायला तयार आहेत. मला सगळंच करून घ्यावंसं वाटतं. पहिला प्रयत्न फसला तर माझीच कसूर झाली असं कोणी म्हणायला नको. आणखी एक. अकरावीत असताना मला मानेच्या गाठींचा टीबी झाला होता. सहा महिने गोळ्या घेतल्या, बरी झाले. आईने लग्न ठरताना हे सांगू दिलं नाही, म्हणून सेंटरच्या फॉर्मवरही लिहिलं नाही."

तू जे 'आणखी एक' म्हणून शेवटी टाकलंस, तिथूनच मी सुरुवात करते. लाखभराच्या यादीपेक्षा डॉक्टरांना ती एक ओळ जास्त उपयोगी पडेल, आणि ती सांगायला एक रुपयाही लागत नाही.

टीबीचे जंतू रक्तातून ट्यूबमध्ये, गर्भाशयाच्या अस्तरात जाऊन बसू शकतात. ताप नाही, खोकला नाही, वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही. आपल्याकडे मूल न राहण्याचं हे जुनं, डॉक्टरांच्या ओळखीचं कारण आहे. तू कोर्स पुरा केलास आणि ट्यूब उघड्या आहेत, हे चांगलंच आहे. पण ट्यूब उघड्या म्हणून अस्तरही निरोगी, असं धरून चालता येत नाही.

म्हणून यादीतली हिस्टेरोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने गर्भाशय आतून पाहणं, तुझ्यासाठी जादा नाही. दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर मी थांब म्हटलं असतं. सोनोग्राफी नॉर्मल असलेल्या बायकांची पहिल्या आयव्हीएफआधी सरसकट हिस्टेरोस्कोपी करून मुलं होण्याचं प्रमाण वाढत नाही, हे नेदरलँड्समधल्या मोठ्या अभ्यासात दिसलं. २०१६ साली तो 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. तुझी गोष्ट वेगळी आहे ती त्या गाठींमुळे. डॉक्टरांना टीबीचं सांग आणि त्याच वेळी अस्तराचा तुकडा टीबीसाठी पाठवायचा का, ते विचार. एक मात्र ध्यानात ठेव: पीसीआर या जंतूंचा डीएनए शोधणाऱ्या तपासणीत मेलेल्या जंतूंचे अवशेषही सापडतात. नुसता पीसीआर पॉझिटिव्ह आला म्हणून कुणी लगेच सहा महिन्यांच्या गोळ्या लिहून दिल्या, तर आधी टीबीच्या डॉक्टरांना दाखव.

ईआरए (गर्भ सोडायची वेळ अस्तराच्या तुकड्यावरून ठरवणारी तपासणी) आणि एनके सेल (रोगप्रतिकारक पेशींची तपासणी) सोडून दे. एश्रे या युरोपातल्या वंध्यत्वतज्ज्ञांच्या संघटनेने २०२३ साली जादा तपासण्यांबद्दल शिफारशी काढल्या, त्यांत या दोन्ही करू नयेत असंच म्हटलं आहे. शिवाय ईआरएसाठी अस्तर तयार करून तुकडा काढायचा म्हणजे एक अख्खा महिना जातो. चौतिसाव्या वर्षी महिना असा कशाला घालवायचा?

कॅरिओटाइप (गुणसूत्रांची तपासणी) आणि शुक्राणूंच्या डीएनए तपासणीचं आजच ठरवू नकोस, कारण त्याआधी करायची साधी गोष्ट राहून गेली आहे. यांचा रिपोर्ट दोन वर्षांपूर्वीचा! शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, म्हणजे तो कागद आजचं काहीच सांगत नाही. दोन ते सात दिवसांचा संयम पाळून नवा नमुना द्या. पावसाळ्यात यांना डेंग्यू-मलेरियाचा ताप येऊन गेला असेल तर तीन महिने जाऊ द्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या पुस्तिकेत काउंटची खालची मर्यादा मिलिलिटरला १ कोटी ६० लाख धरली आहे. फारच कमी निघाला तर कॅरिओटाइपला अर्थ आहे. बायकोच्या पाच तपासण्या होतात आणि नवऱ्याची साधी एक राहून जाते, हे मी इतक्या पत्रांत वाचलंय की आता राग येतो.

दोन स्वस्त तपासण्या तुझ्या यादीत दिसत नाहीत, झाल्या नसतील तर मागून घे. थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची: दोघंही वाहक निघालात तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. आणि रुबेलाची: प्रतिकारशक्ती नसेल तर लस गरोदरपणाआधीच घ्यावी लागते.

आता कसूरीचं. पोरी, सगळे रिपोर्ट नॉर्मल येऊनही पहिला प्रयत्न फसतो. पुष्कळदा त्या एका गर्भाच्या गुणसूत्रांतच चूक असते, आणि ती तुझ्या रक्ताच्या कुठल्याही रिपोर्टमध्ये आधी दिसत नाही. लाख रुपये भरून तो दोष टळणार नाही, आणि तो तुझा दोषही नाही. तेव्हा प्रत्येक तपासणीपुढे डॉक्टरांना एवढंच विचार: "हिचा निकाल काहीही आला तर तुम्ही उपचारात काय बदलाल?" काहीच बदलणार नसेल तर ती खोडून टाक. फायदे, तोटे, खर्च समजावून सांगणं २०२१च्या एआरटी (सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान) कायद्याने सेंटरवर बंधनकारक केलं आहे, विचारताना संकोच नको. पॅकेज तोडून देत नसतील तर परळला केईएममध्ये जाऊन दुसरं मत घे. १९८६च्या ऑगस्टमध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या प्रयत्नांतून देशातली शास्त्रीय नोंद असलेली पहिली टेस्ट ट्यूब बेबी, हर्षा, तिथेच जन्मली. मी तेव्हा नववीत होते, आमच्या चाळीत तो पेपर दारोदार फिरला होता.

राहिला नवरा. तुकडा तपासायला गेला की रिपोर्टवर टीबी हा शब्द असणार, आणि फाइल तुमची दोघांची आहे. त्याला तो कागदावरून कळू देऊ नकोस. संध्याकाळी फडके रोडला दोघंच चालत जा आणि सांग. अकरावीतल्या मुलीला आजार झाला, ती बरी झाली. यात लपवण्यासारखं तुझ्या आईला काय वाटलं ते मला कळतं, पण तो काळ गेला. सासूबाईंना सांगायचं की नाही ते नंतर दोघं मिळून ठरवा. डॉक्टरांना मात्र तू एकटीच केबिनमध्ये असताना सांगितलंस तरी चालेल, ते बाहेर बोलायला मोकळे नाहीत.

आणि त्या माउलीच्या पाटल्या आत्ता हातातच राहू देत. मोडायचीच वेळ आली तर त्या उपचारासाठी लागतील.