ढिली चेन, आवळलेला नट

या महिन्याच्या पत्रांत डोंगरात जाणाऱ्या मोटारसायकलींची पत्रं जास्त आहेत. पूर्वी आमच्याकडं या जातीची गाडी क्वचित दिसायची. २०१६ला रॉयल एनफिल्डची हिमालयन आली, २०१९ला हिरोची एक्सपल्स आली, आणि आता साताऱ्यात पोवई नाक्यावर सिग्नलला उभं राहिलं की एकवीस इंची पुढचं चाक आणि उंच मडगार्ड दिसतंच. माझ्याही पडवीत एक आहे. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाल्यावर घेतली. घरच्यांचं म्हणणं, चालवण्यापेक्षा उघडतोच जास्त. खरं आहे ते.

मेढ्याजवळून एक वाचक : रोज वाडीवरून दोन कॅन दूध घेऊन खाली येतो. गाडी २०० सीसीची ड्युअल-स्पोर्ट, म्हणजे डांबरी आणि कच्च्या दोन्ही रस्त्यांवर चालणारी. चेन खळखळ वाजते म्हणून दर पंधरा दिवसांनी आवळून घेतो. तरी नऊ हजार किलोमीटरलाच स्प्रॉकेट, म्हणजे चेन फिरते ते दातेरी चाक, गेलं. चेन कोणती चांगली, ते सांगा.

चेन कुठलीही घाला, पण आधी आवळणं बंद करा.

ही गाडी म्हणजे तुमची जुनी शंभर सीसीची गाडी उंच केलेली नव्हे. तिचं मागचं चाक जवळजवळ वीतभर वर-खाली होतं. आता खाली बसून नीट बघा. मागचं चाक ज्या स्विंगआर्मला लागलेलं असतं, त्याला गॅरेजात आपण चिमटा म्हणतो. त्या चिमट्याचं बिजागर एका जागी आणि पुढचं स्प्रॉकेट त्याच्या चार बोटं पुढं. दोघांचा मध्य एक नाही. म्हणून चाक वर-खाली झालं की दोन स्प्रॉकेटमधलं अंतरही बदलतं. गाडी रिकामी उभी असते तेव्हा मागचा एक्सल, म्हणजे चाकाचा दांडा, बिजागराच्या खाली लटकलेला असतो. वजन पडलं की तो वर येतो, आणि पुढचं स्प्रॉकेट, बिजागर, एक्सल एका ओळीत आले की अंतर सगळ्यात जास्त होतं. चेन तिथं सगळ्यात ताठ. म्हणजे साइड स्टँडवर लावलेली रिकामी गाडी बघून मेकॅनिकनं ‘आता छान ताठ झाली’ म्हटलं, की दुधाचे कॅन चढवून पहिल्याच खड्ड्यात चेनला ओढ बसते. ती ओढ चेनवर थांबत नाही. चाकाचं बेअरिंग आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट दोन्ही तिच्या वाटेत येतात.

हे मी पुस्तकात वाचलं नाही, खिशातून पैसे घालवून शिकलो. गाडी घेतल्यावर पहिल्याच पावसाळ्यात कासवरून बामणोलीकडं उतरत होतो, मागं तांदळाचं पोतं. आदल्या दिवशी चेन स्वतःच्या हातानं आवळलेली, अगदी सतारीच्या तारेसारखी, आणि त्याचा मला अभिमान. परत येईतो पुढच्या स्प्रॉकेटमागून तेल पाझरायला लागलं. तेल अडवणारा रबरी ऑइल सील गेला होता. एकतीस वर्षं एसटीचे सील बदललेला माणूस मी, आणि घरच्या गाडीचा सील स्वतःच घालवला.

तेव्हा असं करा. तुमचं रोजचं वजन गाडीवर चढवा, वर तुम्ही बसा, घरातल्या कुणाला तरी खालची चेन मधोमध बोटानं उचलायला सांगा. ढील राहिली पाहिजे. मग चाक थोडं थोडं फिरवून तेच बघा, कारण झिजलेली चेन सगळीकडं सारखी नसते, एखाद्या ठिकाणी आखडलेली असते. जिथं सगळ्यात ताठ, तिथं माप घ्यायचं. मापाचा आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तकात आहे. तो बहुतेक वेळा रिकाम्या गाडीचा असतो, म्हणून माप वजन उतरवून घ्या, आणि तो आपल्या डोळ्याला जास्तच ढिला वाटतो. वाटू दे.

खळखळ मात्र ऐकून सोडू नका. मागच्या स्प्रॉकेटवर पार मागच्या टोकाला चेनची कडी धरून मागं ओढा. दाताचा अर्धा भाग उघडा पडला तर चेन संपली. दात एका बाजूला कोयत्यासारखे वाकलेले दिसले तरी तेच. बदलायचं तर पुढचं, मागचं आणि चेन तिन्ही एकदम. नवी चेन जुन्या दातांवर घालणं म्हणजे पैसे दोनदा देणं.

चेनच्या सांध्यांत ओ-रिंग, म्हणजे बारीक रबरी कड्या, असतील तर पेट्रोलनं धुवू नका, तारेचा ब्रश लावू नका. मऊ ब्रश आणि थोडं रॉकेल. ते मिळत नसलं तर बाजारातला चेन क्लीनर. नंतर ९० नंबरचं गिअर ऑइल आतल्या बाजूनं, कड्यांच्या सांध्यावर थेंब थेंब. हे गाडी चालवून आल्यावर, चेन कोमट असताना करायचं. सकाळी निघताना घाईत लावलेलं तेल चेनपेक्षा पँटवर जास्त जातं.

दहिवडीहून : आमच्याकडं चिखल नाही, फुफाटा आहे. एअर फिल्टर दर आठवड्याला कंप्रेसरनं फुंकून घेतो. चालेल का?

फिल्टर कुठला आहे त्यावर. कागदावर तेलाचा हात असलेला फिल्टर हवेनं फुंकायचाही नाही आणि धुवायचाही नाही. भरला की नवा. कोरडा कागद असेल तर आतून बाहेर, हलक्या हवेनं. कंप्रेसरची नळी जवळ नेली की कागदाला डोळ्याला न दिसणारी भोकं पडतात, आणि माणदेशातली धूळ तेवढ्यातून बरोबर वाट काढते. स्पंज असेल तर साबणाच्या पाण्यात दाबून धुवा, पिळू नका, सावलीत वाळवा, फिल्टरचं तेल मुरवा.

त्याहून कामाचं : फिल्टर काढल्यावर इंजिनाकडं जाणाऱ्या रबरी नळीच्या आत पांढरं फडकं फिरवा. फडकं लाल झालं तर फिल्टर कितीही स्वच्छ असू दे, त्याच्या कडेनं धूळ आत जातेय. कड बसते तिथं ग्रीसचा पातळ थर द्या आणि झाकणाचे सगळे स्क्रू जागेवर आहेत ना ते मोजा. एक तरी हरवलेला असतोच.

साताऱ्यातून, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी : काका, सायलेन्सर बदलायचाय, पुढं दोन मोठे लाइट लावायचेत आणि हँडल उंच करायचंय. सुरुवात कशानं करू?

हँडलनं कर. सायलेन्सर राहू दे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाच. कंपनीनं दिलेल्या गाडीत मूलभूत बदल करायला ते परवानगी देत नाही. कलम बाजूला ठेवलंस तरी सज्जनगडाच्या पायथ्याला पहाटे सहाला तो आवाज काढणाऱ्याला मी स्वतः शिव्या घातल्यात.

लाइटचं गणित तूच कर, शिकतोयस ना. ५५ वॅटचे दोन म्हणजे ११० वॅट. १२ व्होल्टला भागलं की नऊ अँपिअरच्या वर. एवढा करंट हेडलाइटच्या वायरीतून चोरलास तर आधी स्विच वितळेल. एलईडीचे वीस-वीस वॅटचे पुरतात, तेही बॅटरीवरून वेगळी वायर, फ्यूज आणि रिले घालून. वायर हँडलजवळ सैल ठेव. हँडल डावीकडं पूर्ण, उजवीकडं पूर्ण फिरवून बघ. हँडल उंच करणारे रायझर लावल्यावर क्लच केबल आणि ब्रेकच्या होजसाठीही हेच. वळवल्यावर होज ताणला जात असेल तर रायझर परत कर.

आणि एक फुकटचं काम. क्लच आणि ब्रेकच्या लिव्हरचे क्लॅम्प इतकेच आवळ की हातानं जोर लावला तर जागेवर फिरतील, पण चालवताना हलणार नाहीत. कच्च्यावर गाडी पडतेच. आवळलेली लिव्हर पडली की मोडते, थोडी ढिली फिरून जाते. हँडगार्ड घेशील तेव्हा घे, हे आज कर.

वाईहून, प्राथमिक शाळेच्या एक शिक्षिका : बदलीनं तापोळ्याकडं शाळा आली. गाडी स्पोकची, ट्यूबवाली. पंक्चर झालं तर फोनला रेंज नाही. मला एकटीला जमेल का?

जमेल ताई. पण पहिल्यांदा घराच्या अंगणात करून बघा, महाबळेश्वरच्या पावसात नाही.

सामान : दोन टामी (टायर उचलायच्या लोखंडी पट्ट्या), पुढची-मागची नवी ट्यूब, छोटा पंप, एक्सलचा पाना, साबणाचं पाणी बाटलीत. रस्त्यावर पॅच मारत बसू नका. ट्यूब बदला, पॅच घरी. मधला स्टँड नसेल तर साइड स्टँडच्या समोरच्या बाजूनं चिमट्याखाली दगड नाहीतर काठी टेकवा. चाक निघालं की ब्रेकच्या दोन पॅडमध्ये जाड पुठ्ठा घाला आणि तोवर ब्रेकला पाय लावू नका, नाहीतर पॅड आत येऊन बसतात आणि डिस्क परत जात नाही.

आता नीट वाचा, कारण बहुतेक जण इथं हात सोलून घेतात. रिमच्या मधोमध एक खोलगट भाग असतो. टायरची कड टामीनं एका बाजूनं उचलताना, समोरची बाजू गुडघ्यानं दाबून त्या खोलगटात उतरवायची. मग वरच्या बाजूला ढील मिळते आणि टामी अलगद फिरते. जोर लावावा लागला तर समजा, समोरची कड वर चढलीय. तिला परत दाबा. ताकदीचं काम नाही हे. आमच्या वर्कशॉपमधला सगळ्यात किरकोळ अंगाचा गडी सगळ्यात भराभर टायर काढायचा.

ट्यूब काढल्यावर टायरच्या आतून सावकाश फडकं फिरवा. बाभळीचा काटा बाहेरून मोडलेला असतो, टोक आत तसंच असतं, आणि नवी ट्यूब दहा मिनिटांत त्याच जागी बसते. फडकं अडकेल तिथं काटा. बोट आधी घालू नका.

नवी ट्यूब घालताना तिच्यात थोडी हवा, नुसती गोल होईल इतकीच. मग ती टामीखाली चिमटत नाही. शेवटचा वीतभर टायर व्हॉल्व्हजवळ आणून संपवा. व्हॉल्व्ह रिमच्या आत ढकलून बघा, ट्यूब कडेखाली सापडली नाही ना. आणि व्हॉल्व्हवरचा तो छोटा गोल नट रिमला आवळून ठेवू नका. वर, टोपीला टेकवून ठेवा. कमी हवेत टायर रिमवर थोडा सरकतो, ट्यूबही सरकते. नट आवळलेला असेल तर व्हॉल्व्ह मुळापासून फाटतो. सैल असेल तर नुसता तिरका दिसतो. तिरका दिसला की ओळखायचं, हवा कमी चालवतोय.

पाटण तालुक्यातून : ओढ्यात गाडी पडली, बंद पडली, लगेच चालू केली. आता ऑइलच्या काचेतून दुधाळ दिसतं.

चहात दूध घातल्यासारखं दिसत असेल तर तेलात पाणी शिरलंय. चालवू नका. तेल काढा, फिल्टर बदला, नवं भरा, पाच मिनिटं चालवून तेही काढा, मग पुन्हा नवं. पहिल्या खेपेला स्वस्तातलं चालेल, पण बाइकच्याच क्लचला चालणारं, मोटारीचं नाही. ड्रेन बोल्टला नवा वॉशर घाला आणि पाना लांब दांड्याचा घेऊ नका. खालचा भाग ॲल्युमिनियमचा आहे, बोल्ट लोखंडाचा. आटे गेले की बोल्ट जिंकतो.

पुढच्या वेळी गाडी पाण्यात बंद पडली तर स्टार्टर दाबायचा नाही. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दबत नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढा, मग स्टार्टर द्या, पाणी भोकातून उडेल. तोंड बाजूला ठेवा. घरी आल्यावर दोन्ही चाकांच्या बेअरिंगमध्ये बोट घालून फिरवा. खरखर लागली तर बदला.

कोरेगावहून : साइड स्टँड चिखलात रुततो.

तळाला पत्र्याचा चौकोनी तुकडा वेल्ड करून घ्या. बॅटरीची वायर काढून मगच वेल्डिंग करा.

करंजे, सातारा : कच्च्यावर चालवायचा सराव करायचाय. कासच्या पठारावर गेलं तर?

नाही. तिथं जांभ्यावर मातीचा थर बोटभरसुद्धा नाही, आणि तुझ्या टायरच्या नक्षीनं जे उकरलं जाईल ते परत बसत नाही. युनेस्कोच्या यादीत पश्चिम घाट २०१२ला गेला, त्यात कासही आहे, पण त्याच्या आधीपासून तो कातळाचा सडा तिथल्या गुराख्यांना नीट कळत होता. सराव करायचा तर ऊस तुटल्यावर ओळखीच्या कुणाचं रान माग. फक्त खोडवा, म्हणजे त्याच बुडख्यांतून पुन्हा फुटणारा ऊस, ठेवलाय का ते आधी विचार.