प्रार्थना कुणी सुरू करायची?

प्रश्न : आम्ही नवापूर तालुक्यातले ख्रिस्ती. पत्नी चार महिन्यांपासून धुळ्याला नैराश्यावर उपचार घेते. तिथल्या समुपदेशक बाई ख्रिस्तीच आहेत, प्रत्येक भेट प्रार्थनेने सुरू करतात. पत्नी म्हणते, "त्यानंतर मला बोलताच येत नाही, पण प्रार्थनेला नको कसं म्हणू?" इकडे चर्चच्या मंडळीतले लोक गोळ्या सोडून उपासप्रार्थना करा म्हणतात.

उत्तर : आधी गोळ्यांचं. परस्पर बंद करू नका. या गोळ्या एकदम थांबवल्या की चक्कर, चिडचिड, झोप उडणं, डोक्यात करंट बसल्यासारखं होणं असा त्रास होऊ शकतो, आजारही उलटतो. बरं वाटू लागल्यावरही त्या सहसा निदान सहा महिने चालतात, मग डॉक्टर डोस हळूहळू उतरवतात. उपास धरायचाच तर डॉक्टरांना विचारून. गोळ्यांत लिथियम (मनाचे चढउतार आवरणारं औषध) असेल तर निर्जळी उपास नकोच. लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपासकाळ, संपेस्तोवर खानदेशात ऊन तापलेलं असतं. अंगातलं पाणी कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढतं. हात जोरात थरथरले, उलट्या झाल्या, तोल जाऊ लागला तर तडक दवाखाना गाठा.

आता प्रार्थना. दोघी ख्रिस्ती आहेत म्हणून पत्नीची संमती गृहीत धरणं चूकच. समोर उपचार करणारी व्यक्ती असते, रुग्णाला नाही म्हणणं जड जातं. त्यातून प्रार्थना सुरुवातीलाच झाली की "मला देवाचा राग आलाय" हे वाक्य ओठांवर येत नाही, आणि कित्येकदा तेच बोलायचं असतं. स्तोत्र 88 अंधारातच संपतं, तरी ते पवित्र शास्त्रात आहे. बार्तीमय आंधळा आहे हे येशूला दिसत होतं. तरी त्याने विचारलं, मी तुझ्यासाठी काय करावं?

समुपदेशकानेही तसंच विचारायला हवं, पहिल्या-दुसऱ्या भेटीतच. श्रद्धेचा आधार वाटतो की ओझं? इथे त्यावर बोलायचं आहे का? प्रार्थना हवी का, आणि कुणी करायची? उत्तर फाइलमध्ये लिहावं, अधूनमधून पुन्हा विचारावं. रुग्णाने मागितली तर भेटीच्या शेवटी, दोनेक मिनिटं. तिने स्वतः मावचीत, आपल्या बोलीत, केली तर बाईंनी नुसतं शांत बसावं. पत्नीने एवढंच म्हणावं, "ताई, सध्या प्रार्थना मी घरी करते. इथे सरळ बोलायला सुरुवात करू." यावर "विश्वास कमी पडतोय" असं उत्तर आलं तर समुपदेशक बदला. नैराश्यात माणूस आधीच स्वतःला दोष देत असतो, त्यात ही भर नको.

एक गोष्ट आपल्या मंडळ्यांत फार घडते. 'प्रार्थनेचा विषय' म्हणून आजाराचं नाव व्हॉट्सॲपवर जातं आणि रविवारपर्यंत गावभर होतं. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतो. समुपदेशकाने चर्चच्या पाळकांशी बोलायचं ते पत्नीच्या लेखी परवानगीनेच, तिने ठरवलं असेल तेवढंच. बरं वाटल्यावर 'देवाने मला बरं केलं' अशी साक्ष द्यायला चर्चमध्ये उभं करण्याची घाईही नको.

जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार आले तर उपासप्रार्थना संपायची वाट पाहू नका. तिला एकटी सोडू नका, डॉक्टरांकडे न्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो.

प्रश्न : मी जळगावात समुपदेशक आहे, ख्रिस्ती. हिंदू रुग्ण "माझ्यासाठी प्रार्थना करा" म्हणाला तर?

उत्तर : त्याला नेमकं काय हवंय ते विचारा. बहुतेकदा "माझी आठवण ठेवा" एवढंच असतं. मग घरी, मनात प्रार्थना करा. उपचार चालू असताना चर्चला बोलावणं, पुस्तिका देणं नाही. तो तुमच्याकडे झोप येत नाही म्हणून आलाय.