‘४६ वय आहे, आता कोण घेणार?’

‘मॅडम, बावीस वर्षं कोड लिहिला, आता साधा कॉलही येत नाही. वयामुळेच ना?’ नोकरीच्या सल्ल्यासाठी आलेल्या, पुण्यातल्या एका जावा डेव्हलपरचा (जावा ही प्रोग्रॅमिंगची भाषा) हा प्रश्न. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) प्रोजेक्ट बंद पडला, कंपनीने राजीनामा लिहून घेतला आणि चार महिन्यांत सत्तरेक अर्ज करून झाले.

वय आड येतंच. ‘तसं काही नसतं हो’ म्हणून धीर देण्यात अर्थ नाही. पण गाडी नेमकी कुठे अडते हे कळल्याशिवाय उपाय सापडत नाही. म्हणून त्यांना आधी एक वही ठेवायला सांगितली: अर्जाची तारीख, जाहिरातीत मागितलेला अनुभव, कॉल आला का, कुठल्या फेरीत थांबलं. पन्नासहून जास्त अर्ज ‘५ ते ८ वर्षं’वाल्या जागांसाठी निघाले. भरती करणारी मुलं नोकरीच्या पोर्टलवर अनुभव, पगार आणि नोटीस पिरियडची चाळणी लावूनच यादी काढतात. बावीस वर्षं आणि ३४ लाख पगार लिहिलेला माणूस त्या चाळणीतून खाली पडतच नाही. त्यांचा बायोडेटा बहुतेक ठिकाणी कुणी उघडलाच नव्हता.

मग बायोडेटा. पाच पानं. वर जन्मतारीख, वडिलांचं नाव, ‘विवाहित’. खाली पहिल्याच ओळीत व्हीबी ६ आणि स्ट्रट्स ही जुनी झालेली तंत्रं. तो दोन पानांवर आणला. जन्मतारीख काढली, शेवटची दहा वर्षं सविस्तर ठेवली आणि त्याआधीची बारा दोन ओळींत बसवली. एक नोकरी गाळून वय लपवायचा त्यांचा विचार होता. तो सोडायला लावला. पीएफच्या यूएएनला (खातेदाराचा कायमचा क्रमांक) जोडलेल्या नोकऱ्यांच्या तारखा तिथे दिसतात, पडताळणीत ते उघडं पडू शकतं आणि हातात आलेली ऑफर जाऊ शकते.

खरा माल चौथ्या पानावर दडलेला होता. एका बँकेची प्रणाली त्यांनी जावाच्या आठव्या आवृत्तीवरून सतराव्या आवृत्तीवर नेली होती. अशा कामात काय तुटतं ते त्यांना तोंडपाठ: जावा ११ पासून जेएएक्सबी (एक्सएमएल हाताळायची लायब्ररी) जेडीकेमध्ये, म्हणजे जावाच्या मूळ संचात, येत नाही, ते वेगळं जोडावं लागतं; स्प्रिंग बूट ३ या फ्रेमवर्कला किमान जावा १७ लागतोच, शिवाय ‘जावाएक्स’ने सुरू होणाऱ्या बऱ्याच पॅकेजेसची (कोडच्या गटांची) नावं ‘जकार्ता’ने सुरू होतात आणि ज्या जुन्या लायब्ररींना हे माहीत नसतं त्या अडकतात. पाच वर्षांचा अनुभव असलेल्या मुलाने हे सहसा केलेलं नसतं. बायोडेट्यात मात्र एवढंच होतं: ‘अपग्रेड प्रोजेक्टमध्ये सहभाग’. ती ओळ मोडून किती मोड्यूल, किती जणांची टीम, किती वेळ सिस्टीम बंद ठेवावी लागली असं लिहिलं आणि पहिल्या पानावर घेतलं. अर्जही बारा वर्षांपुढचा अनुभव मागणाऱ्या, मायग्रेशनच्या (जुनी प्रणाली नव्यावर नेण्याच्या) जागांकडे वळवले.

कॉल यायला लागले तसा दुसरा अडथळा दिसला. सरावाच्या मुलाखतीत प्रत्येक उत्तर ‘आम्ही’ने सुरू व्हायचं. आम्ही डिझाइन केलं, आम्ही सोडवलं. समोरच्या तिशीतल्या माणसाच्या मनात तेवढ्यात येतं: हे स्वतः कोड लिहितात की लिहून घेतात? रोज ४५ मिनिटं, साध्या एडिटरमध्ये, आपोआप पूर्ण होणाऱ्या सूचनांशिवाय, मोठ्याने बोलत कोड लिहायचा असं ठरलं. पहिला आठवडा वाईट गेला. सूचना देणाऱ्या आयडीईची (कोड लिहायच्या सॉफ्टवेअरची) सवय सुटता सुटत नाही.

पगाराचं उत्तरही घोटून घेतलं. नुसतं ‘कमी चालेल’ म्हटलं की हा माणूस अगतिक आहे किंवा सहा महिन्यांत पळेल, असं वाटतं. त्याऐवजी: ‘३४ होते, त्यात टीम सांभाळण्याचे पैसे होते. इथे ते काम नाही, म्हणून २७ ते २९ ठीक आहे.’ कारण सांगितलं की आकडा पटतो. ‘मॅनेजर लहान असेल तर?’ याला मोठं भाषण नको. आधी कुणा लहान लीडच्या हाताखाली काम केलं असेल तर त्यातला एक प्रसंग सांगायचा.

एका कंपनीने मात्र दोन फेऱ्यांनंतर फोनवर सरळ सांगितलं: ‘टीम यंग आहे.’ त्यांचा अमेरिकेतला मेहुणा म्हणाला, तक्रार ठोक. तिथे १९६७चा कायदा चाळिशीपुढच्यांना संरक्षण देतो. पण अमेरिकन कंपनीच्या पुण्यातल्या ऑफिसात भारतीय नागरिकाला तो लागू नाही. आणि आपल्याकडे खाजगी भरतीत वयावरून डावलण्याविरुद्ध वेगळा कायदा नाही. वहीत त्या अर्जापुढे ‘वय’ असं कारण लिहिलं आणि पुढचा अर्ज काढला.

शेवटी मिळालं ते नऊ महिन्यांचं कंत्राट, व्हेंडरच्या, म्हणजे क्लायंट कंपनीला माणसं पुरवणाऱ्या मधल्या कंपनीच्या, पगारपत्रकावर. सही करण्याआधी चार गोष्टी लेखी मागवल्या: पीएफ कापणार का, आरोग्य विमा कुटुंबाला आहे का, नोटीस दोन्ही बाजूंनी सारखी आहे का, आणि क्लायंटने कायम घ्यायचं म्हटलं तर व्हेंडर अडवणार नाही ना. चौथ्यावर व्हेंडरने तीन दिवस घेतले, मग ईमेल आला.